ठमाबाई गात का नाही

ठमाबाईचं एका जागी बूड टेकेना. ओटीवर बसली की लगेच उठायची. उठली की मोरीत जाऊन यायची, मोरीतून आली की जिथे बसली होती ती जागा हाताने चाचपून बघायची, कोरडी निघाली तरी ओल्या फडक्याने पुसायची, आणि मग ती ओली झाली म्हणून पुन्हा जीव खालीवर. सकाळपासून हेच चाललं होतं. अंगणापलीकडे थोरल्या जावेच्या घराला लग्नाचा रंग काढत होते आणि रंगाऱ्यांनी तिला दोनदा विचारलं, आजी, काही हरवलंय का? काय सांगणार त्यांना, कप्पाळ?

ठमाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मागाहून. आधी लागते धवलारीण. मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक भरायचा, त्याच्या कडेला बसायचं आणि एकेका देवाचं नाव घेऊन त्याला लग्नाला बोलवायचं. गावदेवी, एकवीरा आई, जेजुरीचा खंडोबा, मग घरातले वाडवडील. बोलावल्याशिवाय देव येत नाही आणि देव आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. हे गाणं म्हणजे धवला, आणि तो काही एकटीने म्हणायची गोष्ट नव्हे. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती झेलायची, तोवर पहिलीने दम घ्यायचा. या गावात ओळ टाकायची पुतळाबाई, म्हणजे ही थोरली जाऊ, आणि झेलायची ठमाबाई. दोघी तरण्या होत्या तेव्हापासून. अंबरनाथपासून पार बदलापूरच्या पुढेपर्यंत ज्यांच्या घरी या दोघी गेल्या नाहीत त्यांच्या पोरींची लग्नं झाली की नाही याची लोक चेष्टेत चौकशी करायचे.

ठमाबाईचा आवाज म्हणाल तर असा, की एमआयडीसीतला भोंगा एकदा बंद पडला होता तेव्हा तिलाच कंपनीच्या गेटवर उभी करा म्हणून तिचा मुलगा मधु सगळ्यांना सांगत सुटला होता. हळू बोलणं तिला जन्मात जमलं नाही. कुणाची चहाडी करायला बसली तर जिची चहाडी तीच दारात येऊन उभी राहायची.

आणि हीच बाई या मोसमात लागोपाठ लग्नं नाकारत होती. घसा बसलाय म्हणायची. बसलेल्या घशाने असं काही ठणठणीत ओरडून सांगायची की समोरचा बघतच राहायचा.

खरं काय ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. झालं होतं असं की ठमाबाईचं अंग बाहेर यायचं. बायकांना कळलं असेलच. पुरुषांनी आपल्या घरी विचारावं. लेकीच्या वेळी बाळंत झाली आणि अंगात धड ताकद नसताना लावणीला चिखलात उतरली, भाताचे भारे डोक्यावर वाहिले, तेव्हापासून खाली काहीतरी लोंबल्यासारखं व्हायचं. आत ढकलायचं, फडक्याची घडी लावायची, वरून काष्टा आवळायचा आणि कामाला लागायचं. एवढी वर्षं हेच केलं. कुणाला बोलली नाही. समोरच्या घरात राहणाऱ्या पुतळाबाईलासुद्धा नाही, जिच्यापासून तिने ताटातलं मासळीचं डोकंसुद्धा कधी लपवलं नव्हतं.

लेक हर्षदा बदलापूरला शिरगावात राहते. गेल्या गणपतीत ठमाबाई तिच्याकडे गेली होती, तिथे बाथरूमच्या दाराची कडी नीट लागली नाही आणि हर्षदाला सगळं दिसलं. पोरगी आधी रडली, मग चिडली, मग आईला रिक्षात घालून उल्हासनगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. ऑपरेशन झालं. अंग जागेवर गेलं. गावात सांगितलं, लेकीकडे विसाव्याला गेले होते. ठमाबाई घरी आली तेव्हा वाटेवरून चालताना तिला इतकं हलकं वाटलं की तिने मुद्दाम लांबच्या रस्त्याने एक चक्कर मारली.

मग तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली. पहिलंच लग्न शेजारच्या गावात होतं. चौक भरला, पुतळाबाईने गावदेवीची ओळ टाकली, ठमाबाईने पोटातून आवाज काढून ती झेलली, आणि मांडीला गरम गरम लागलं. तिला आधी कळलंच नाही. दुसऱ्या ओळीला पुन्हा. जितका आवाज वर तितकी धार खाली. बसल्या जागी लुगडं भिजलं, खालची चटई भिजली, समोर पिठाचा चौक, हातभर अंतरावर कलश. ठमाबाईच्या अंगावर काटा आला. देवाला ये म्हणून हाक मारायची आणि आपण त्याच्या वाटेवर हे असं! चक्कर आली असं सांगून ती तिथून उठली, पदर मागून गुंडाळून घेतला आणि रिक्षात सुद्धा टेकली नाही, अख्खा रस्ता दांडी धरून अर्धी उभी राहून आली.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच किडा. माझ्या अंगाचं पाणी चौकाला लागलं आणि त्या नवरीच्या संसारात काही वाकडं झालं तर? ते पाप कुणाचं? अंग बाहेर होतं तेव्हा कधी एक थेंब सांडला नाही, आणि बरी झाले म्हणतात तर ही तऱ्हा! त्यात थंडीचे दिवस. संध्याकाळी कारखान्यांकडून वास सुटला की सगळं गाव खोकतं. गाव खोकलं की खोकतं आणि विसरतं, ठमाबाई खोकली की तिला लुगडं बदलावं लागे. शिंक आली तरी तेच, बादली उचलली तरी तेच. तिने पाणी पिणं सोडलं. चहा सोडला. तोंडाला कोरड पडायची, डोकं चढायचं, आणि व्हायचं ते होतच होतं.

एकदा हिंमत करून ती उल्हासनगरला गेली. अंबरनाथच्या दुकानात ओळखीचं कुणीतरी भेटणार म्हणून उल्हासनगर. एका सिंधी माणसाच्या औषधाच्या दुकानात गर्दी ओसरायची वाट बघत ती इतका वेळ उभी राहिली की त्याने स्टूल आणून दिलं. मोठ्या माणसाची चड्डी मिळते ना, बाळांची असते तशी, ती दे म्हणाली.

"किसके लिए, अम्मा?"

"सास के लिए," ठमाबाईच्या तोंडून निघून गेलं. सासू जाऊन तिच्या नावाचं पान ठेवणारेसुद्धा आता म्हातारे झाले होते.

"साइज?"

आता आली का पंचाईत! ठमाबाईच्या डोळ्यांपुढे सासू उभी राहिली. काटकीसारखी बाई होती हो. तिने दोन्ही हातांनी सासूची कंबर दाखवली. त्याने लहान साइजचं पाकीट बांधून दिलं आणि वर म्हणाला, सास का बहुत खयाल रखती हो, अम्मा, आजकल कौन करता है. घरी येऊन बघते तर ते तिच्या एका मांडीलाही पुरेना. स्वतःवर एवढी चिडली की पाकीट तांदळाच्या पिंपाच्या मागे फेकून दिलं आणि सासूच्या फोटोकडे तीन दिवस बघितलं नाही.

अशातच पुतळाबाई सुपारी घेऊन आली. तिची नात उन्नती, तिच्या हरिचंद्राची मुलगी, तिचं लग्न ठरलं होतं, शहाडकडच्या एका गावातला मुलगा. घरातलं लग्न, खरं तर सुपारी द्यायचीही गरज नव्हती. पण पुतळाबाई रीतीची पक्की. पानावर सुपारी, वर नवं लुगडं, आणि मागे उन्नती उभी, लाजत.

"ठमे, आपल्या पोरीचा लगीन हाय," पुतळाबाई म्हणाली. "आते घसा बिसा काय सांगू नको माना. आपल्या घरात बसलेला गला बी मोकला होतो."

ठमाबाईने सुपारीला हात लावला नाही. तिला बोलायचं तर होतं, पण उन्नती समोर, रंगारी अंगणात, आणि हळू बोलता येत नाही. ती नुसती म्हणाली, "माना नाय जमनार, वयनी."

"कनाला नाय जमनार?"

"नाय जमनार, बस."

पुतळाबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी लख्ख उजाडल्यासारखं झालं, आणि ते साफ चुकीचं होतं. "आता कलला," ती म्हणाली. "त्याच घरात पोरगी दिली म्हनून ना? आपल्या हर्षीचा मोडला होता ते घर म्हनून ना? अगो, त्याला किती वर्सं झाली! त्यांचा आते काय हाय मनात? तूच धरून बसलीस."

ही गोष्ट खरी होती. त्याच घरातल्या मोठ्या मुलाशी हर्षदाचं लग्न ठरलं होतं आणि साखरपुड्यानंतर त्यांनी मोडलं होतं. ठमाबाई ते केव्हाच विसरली होती. उन्नतीचं तिथे जमलं तेव्हा पेढाही तिने सगळ्यांच्या आधी खाल्ला होता. पण आता तिला वाटलं, बरंच झालं की. राग धरलेली बाई म्हणजे मानाची बाई. लोक म्हणतील ताठ आहे, खुनशी आहे. म्हणू देत. ती चटई भिजवते असं तर म्हणणार नाहीत. ठमाबाईने मान फिरवली आणि गप्प राहिली. पुतळाबाईने सुपारी उचलली, लुगडं उचललं, आणि जाता जाता उन्नतीच्या डोळ्यांत पाणी आलेलं ठमाबाईला दिसलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

गावात गोष्ट पसरायला काय लागतं? दळणाच्या रांगेत बायका हळू बोलल्या, पाण्याच्या टँकरजवळ जोरात बोलल्या. ठमाबाईने अजून राग धरलाय. अहो, मोडलं ते उगाच मोडलं असेल का? पोरीतच काही असेल. कोण म्हणतं तिचं दुसरीकडे होतं. कोण म्हणतं मुलाकडच्यांना काहीतरी कळलं होतं. गप्पेला कुणी जाळ घालत नाही, ती आपोआप उकळते. ती शहाडला पोहोचली, तिकडून निरोप आला की तुमच्या घरची धवलारीणच आमच्यावर रुसलेली असेल तर पोरगी नांदायची कशी? आणि ती शिरगावलाही पोहोचली.

हर्षदा भर दुपारी आली. चपला काढल्या नाहीत, पाणी घेतलं नाही.

"आई, तू काय सांगत फिरतेस? काल दिपेशने मला विचारलं, लग्नाच्या आधी तुझं काय प्रकरण होतं का? माझ्या नवऱ्याने, इतक्या वर्षांनी, मुलांसमोर! मला म्हणतो, तुझी आई एवढा राग धरते म्हणजे काहीतरी असेलच ना."

हे ठमाबाईने मनातही आणलं नव्हतं. "मी काय बोलले नाय गो. मी गप बसले."

"तेच तर! गप्प का बसलीस? माझ्या नावावर का ढकललंस? तुला गायचं नाही तर नको गाऊ, पण कारण सांग ना!"

"सांगते," ठमाबाई म्हणाली, आणि खोकला आला. नको त्या वेळी येतोच तो. ती उभी होती तिथेच खाली फरशीवर थेंब पडले, मग आणखी पडले. हर्षदाने फरशीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि तिचा सगळा राग तोंडातच राहिला.

"कधीपासून?"

"ऑपरेशनपासून. तूच नेलीस माना. मी बरी होते तशी. बाहेर तर बाहेर होता, पण कोरडी होते मी, माझा गला माझा होता!" आणि ठमाबाई रडायला लागली, रडल्यावर पुन्हा तेच, म्हणून रडणंही आवरायला लागली. बाईला धड रडायचीही चोरी.

दुसऱ्या दिवशी दोघी उल्हासनगरला डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या. ठमाबाईने बाहेरच्या पेशंटांना ऐकू जाईल असं विचारलं, तुम्ही माझं काय कापलंत? डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, काही कापलं गेलं नाही. अंग खाली उतरलेलं होतं तेव्हा त्याच्याबरोबर लघवीची नळी मुरडलेली होती, बागेतला पाइप मुरडला की पाणी अडतं तशी. त्या नळीचं झाकण तर तेव्हापासूनच ढिलं होतं, ती मुरड ते झाकून ठेवत होती. अंग जागेवर नेलं, नळी सरळ झाली, आणि ढिलेपणा उघडा पडला. काही बायकांना होतं असं. त्यावर व्यायाम आहे. लघवी अडवताना जिथे ओढून धरतो तिथे आवळायचं, धरायचं, सोडायचं, रोज, काही महिने. त्याने भागलं नाही तर छोटी पट्टी टाकून ती नळी उचलून धरता येते. पाणी मात्र तोडू नका, पाणी तोडलं की लघवी जास्त जळजळते आणि जास्त घाई होते.

"आनि लग्न आठवड्यावर हाय त्याचा काय?" ठमाबाई म्हणाली.

"आठवड्यात नाही होणार, मावशी. पण मी हे ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं ना? असं होऊ शकतं म्हणून?"

ठमाबाईने हर्षदाकडे पाहिलं. हर्षदा पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत होती.

"मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी तुला बोलले नाही. बोलले असते तर तू ऑपरेशनला हो म्हणाली असतीस का? मला ते बघवत नव्हतं, आई."

दोघी परतीच्या रिक्षात बसल्या. विठ्ठलवाडी गेलं, फॉरवर्ड लाइन गेली, अंबरनाथचं देऊळ मागे पडलं. ठमाबाईला लेकीच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं आणि तिला जवळही घ्यावंसं वाटत होतं, आणि या दोन्ही गोष्टी रिक्षात करता येत नाहीत. गाव आलं तेव्हा हर्षदा म्हणाली, "मोठ्या आईला जाऊन खरं सांग. मग गा नाहीतर नको गाऊ."

"मेले तरी नाय सांगनार. सगला गाव माझ्या बसायच्या जागेकडे बघेल."

"आता सगळं गाव माझ्याकडे बघतंय. ते चालतं तुला?"

ठमाबाई उतरली आणि रिक्षा हर्षदाला घेऊन बदलापूरकडे निघून गेली.

मांडवाचा दिवस उजाडला तरी ठमाबाई गेली नव्हती. आठवडाभर ती रोज अंगणाच्या मध्यापर्यंत जायची आणि कुणीतरी दिसलं की तुळशीला पाणी घालून परत यायची. ती तुळस त्या आठवड्यात कुजायला आली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं आवळणं मात्र तिने उठता बसता चालू ठेवलं होतं, इतकं की भाकरी थापताना तोंड वाकडं व्हायचं.

समोर मांडव पडला. उंबराची फांदी वाजतगाजत आली. बायका हिरव्या साड्यांत, उन्नती पाटावर, चौक मात्र पुतळाबाईने एकटीनेच भरलेला. हर्षदाही आली होती, नवऱ्याला घेऊन आली होती, आणि मांडवाच्या कडेला अशी ताठ उभी होती की कुणी काही बोलून तर बघावं. मुलाकडच्या चार बायका हळद घेऊन आल्या होत्या, त्या सगळं न्याहाळत होत्या. ठमाबाई आपल्या ओटीवर दाराआड उभी राहून हे बघत होती. बसवत नव्हतं, आत जाववत नव्हतं.

पुतळाबाईने गावदेवीची ओळ टाकली.

"उठ उठ गो गावदेवी, आमचे दारी मांडव घातला..."

ओळ मांडवावरून गेली आणि झेलायला कुणी नाही. पुतळाबाईने स्वतःच ती पुन्हा म्हणायचा प्रयत्न केला, पण दम पुरेना. भावनाने, उन्नतीच्या आईने, सासूच्या कानात काहीतरी सांगत मोबाइल पुढे केला. त्यात कुठलासा धवला भरलेला होता. पुतळाबाईने मोबाइल बाजूला सारला. तिने पुन्हा ओळ टाकली, आधीपेक्षा लहान आवाजात, आणि ती पुन्हा कुणी झेलली नाही. मुलाकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. उन्नतीने खाली मान घातली.

तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा ठमाबाईने काही ठरवलं नव्हतं. आयुष्यभराची सवय, ओळ आली की आपोआप हात पुढे जावा तशी तिने ती झेललीच, दाराआडून, पोटातून आवाज काढून.

"उठली गो गावदेवी, पायी तिचे जोडवी वाजली..."

अख्खा मांडव वळला. पुतळाबाई वळली नाही. तिने डोळे मिटले आणि लगेच पुढची ओळ टाकली, ओळीमागून ओळ, पोरीला धपाटे घालावेत तशी, आणि ठमाबाई झेलत गेली, ओटीवरून उतरली, अंगणात आली, आणि झेलता झेलता खाली व्हायचं ते होतच होतं. गावदेवी मांडवात आली. एकवीरा आई डोंगरावरून उतरली. मग पुतळाबाई थांबली.

"एवढा गला हाय तर तिथे उभी राहून काय करतेस? ये इकडे बस!"

"नाय येत," ठमाबाई म्हणाली. ती अंगणाच्या बरोबर मध्ये उभी होती.

"राग अजून सरला नाय?"

ठमाबाईने हर्षदाकडे पाहिलं. मग दिपेशकडे, मग त्या मुलाकडच्या बायकांकडे. आणि ती बोलली. हळू बोलायचा प्रयत्न केला असेल तर देव जाणे, ऐकू मात्र वेशीपर्यंत गेलं.

"राग नाय माझा कोनावर! पोरीचा मोडला ते त्यांनी मोडला, माझ्या पोरीत काय वाकडा नव्हता आनि नाय. माझा अंग बाहेर आलेला, त्याचा ऑपरेशन झाला, आनि तवापासून माझा मूत थांबत नाय! गायला लागले की होतो. आता बी झाला, हे बघा. अशी बाय देवाच्या चौकाजवल बसली आनि पोरीला काय झाला तर? म्हनून नाय आले. बस. ऐकलात सगल्यांनी?"

ऐकलं म्हणजे काय! बँडवाल्याने सनई तोंडातून काढली. पुरुष मंडळी एकदम मांडवाचे वासे नीट बांधलेत का ते बघायला लागली. पुतळाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली, तुरुतुरु चालत अंगणात आली आणि ठमाबाईसमोर उभी राहिली. ठमाबाईला वाटलं आता ही मारते.

"ऑपरेशन झाला," पुतळाबाई म्हणाली. "तुझा ऑपरेशन झाला, आनि माना सांगितला नाय? मी समोर र्‍हाते ना? का मेले होते मी?" तिचा आवाज फाटला. "डबा कोनी दिला तुना? उशाला कोन बसला होता?"

"हर्षी होती."

"हर्षी पोर हाय! मी कोन हाय?" आणि पुतळाबाई मांडवासमोर, मुलाकडच्या बायकांसमोर, ढसाढसा रडली. ठमाबाईने आठवडाभर लोक काय काय म्हणतील ते सगळं मनात मोजून ठेवलं होतं. त्यात हे कुठेच नव्हतं.

"चौकाचा काय, वयनी?" तिने विचारलं. "देवाला चालेल?"

पुतळाबाईने पदराने नाक पुसलं. "देवाला काय ते मी सांगते. तू लुगडा बदलून ये. आलीस की बस, झाला की उठ, पुन्हा बदल, पुन्हा बस. आते खंडोबा बाकी हाय. तुझ्याबिगर मी त्याला आत घेत नाय."

पाटावरून उन्नती ओरडली, "मला हळद ठमाआजीच्या झेलण्यावरच लागणार! नाहीतर मी अशीच बसते." मुलाकडची एक म्हातारी पुढे झाली, ठमाबाईला वरून खालपर्यंत बघितलं, आणि म्हणाली, कुठली गो ती डॉक्टरीन, पत्ता देऊन ठेव. हर्षदाने मोठ्या आईच्या घरातून ते सुपारीबरोबरचं नवं लुगडं आणलं, सगळ्यांच्या देखत काखेत मारलं, आणि आईचा हात धरून तिला मोरीकडे घेऊन गेली. दिपेश बाजूला सरकला आणि त्याने जायला वाट करून दिली. त्याची मान खाली होती. बघू, घरी गेल्यावर हर्षदा काय ते बघून घेईल.

मोरीत ठमाबाईने अंगावर पाणी घेतलं. नवं लुगडं नेसली, काष्टा मारला. बाहेर पुतळाबाईने खंडोबाला हाक घातली होती आणि तो जेजुरीवरून निघून वेशीवर आला होता. आता त्याला आत आणायची ओळ यायची. ठमाबाई घाईघाईने निऱ्या खोचायला लागली. पण पुतळाबाईने ती ओळ टाकलीच नाही. तिने दुसरीच टाकली, जी कुठल्या धवल्यात आजवर नव्हती.

"उतर रे देवा घोड्यावरना, जरा वेशीला टेक गो... आमची ठमी गेली मोरीत, येते लुगडा नेसून गो..."

मांडवात हशा उसळला. आणि त्या हशावरून एक आवाज ती ओळ झेलायला आला, बेसूर, कधी न गायलेला, मोरीच्या दारातूनच. हर्षदा गात होती.

"टेक रे देवा वेशीला, आमची आय येते गो..."

ठमाबाईला हसू फुटलं. खूप दिवसांनी, पोटातून, आवरेना असं. भिंतीला धरून ती हसली, आवळून धरलं, तरी हसली, आणि हसल्यावर जे व्हायचं ते झालं. नव्याकोऱ्या लुगड्याकडे तिने एकदा बघितलं. मग मोरीतूनच, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ती ओरडली.

"हर्षे! अजून एक लुगडा आन गो!"

बाहेर पुतळाबाईने खंडोबाला पाणी विचारलं आणि आणखी थोडा वेळ बसायला सांगितलं.